काका, तुमचा दहाचा सॉकेट सापडला

काका,

सप्रेम नमस्कार.

सॉकेट, म्हणजे तुमच्या पान्याला लावायचं ते दहा मिलिमीटरचं टोक, कुठे सापडला ते शेवटी सांगते, आधी आभार. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुमचं नाव घालत नाही, नाहीतर महिनाभर बोलणार नाही माझ्याशी.

तुम्ही भेटलात तेव्हा मी गाडीत ऑईल ओतत होते. तिसऱ्यांदा. स्क्रीनवर 'ऑईल कमी आहे' आलं म्हणून आधी अर्धा लिटर ओतलं होतं. दिवा जाईना, म्हणून चार दिवसांनी आणखी अर्धा. मध्ये एका गॅरेजमध्येही जाऊन आले. त्यांनी स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, "झालं मॅडम" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. पुन्हा गेले तर म्हणाले, असे दिवे लागतातच, लक्ष देऊ नका. मी मात्र लक्ष देत होते, फक्त चुकीच्या ठिकाणी. बॉनेट उघडून ऑईल किती आहे ते दाखवणारी पट्टी बघावी हे एकदाही सुचलं नाही. स्क्रीन सांगतेय म्हणजे खरंच असणार, एवढीच माझी अक्कल.

तुम्ही जाता जाता थांबलात आणि एवढंच विचारलंत, "पट्टी बघितलीस?"

मग मला पट्टी बघायला शिकवलंत. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं ऑईल खाली चेंबरमध्ये, इंजिनच्या तळाच्या टाकीत, उतरतं. पट्टी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची आणि मग बघायचं. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभराचा फरक असतो, असं तुम्ही सांगितलंत. माझं ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलं होतं. तुमचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा गंभीर झाला. ऑईल इतकं भरलं की क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, त्यात आपटतो, ऑईल घुसळून फेस होतो, आणि पंप तो फेसच बेअरिंगपर्यंत पोचवतो. मी लाडाने पाजत होते आणि इंजिनला त्याचाच त्रास होणार होता! पट्टीच्या भोकातून बारीक नळी सोडून मोठ्या पिचकारीने तुम्ही ते जादा ऑईल ओढून काढलंत, तेव्हा कुठे गाडी हलवायची परवानगी मिळाली.

दोन दिव्यांतला फरकही त्याच दिवशी कळला. पिवळा दिवा ऑईलच्या पातळीचा किंवा ती मोजणाऱ्या सेन्सरचा. तो लागला तर पट्टी बघ आणि ठरव. लाल दिवा ऑईलच्या दाबाचा. तो चालत्या गाडीत लागला तर कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि घरापर्यंत तरी जाऊ दे असा विचारही करायचा नाही. दोन्ही दिव्यांवर तीच तेलाची बुधली, त्यामुळे मी त्यांना एकच समजत होते. असं समजणारी मी एकटी नसेन.

पण काका, आभार मानायचं खरं कारण वेगळंच आहे.

एव्हाना स्क्रीनवरचा संदेश बदलून 'सेन्सर तपासा' असा झाला होता. तुम्ही गाडीखाली शिरलात, खालचं कव्हर काढलंत, सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, ओढून काढलात आणि वीज मोजायचा मल्टिमीटर लावलात. 12 व्होल्ट येत होते, अर्थिंग चांगलं होतं. कपलर मात्र आतून ऑईलने चिकट. तुम्ही म्हणालात, बाहेरून उडालेलं ऑईल शिरलंय, स्प्रे मारून साफ करतो, काम होईल. झालंही. दोन दिवस दिवा नाही. मी तर सगळ्यांना सांगत सुटले.

तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला आणि तुम्हाला सांगायचीच मला लाज वाटली. वॉचमनकडून तुम्हाला कळलं असावं. रात्री दार वाजलं. तुम्ही आत न येता उंबऱ्यातच म्हणालात, "माझा अंदाज चुकला. ते ऑईल बाहेरून आलेलं नव्हतं, आतून आलंय. सेन्सरच गेलाय."

एवढं सांगायला तुम्ही तीन जिने उतरून आला होतात. त्या गॅरेजमध्ये मी दोनदा गेले, पैसे दिले, पण 'आमचं चुकलं' हे दोन शब्द कुणाच्या तोंडून निघाले नाहीत. तुम्ही तर फुकट काम केलं होतंत.

दुसऱ्या दिवशी कपलर परत काढलात आणि पांढऱ्या चिंधीचं टोक पिनांवर टेकवलंत. पुसलं, पाच मिनिटं थांबलात, परत टेकवलंत. मधल्या पिनेच्या बुडाशी पुन्हा तेलकट ठिपका. चेंबरमधलं ऑईल सेन्सरच्या अंगातून, पिनांच्या कडेने झिरपत कपलरपर्यंत येत होतं. त्या ठिपक्यासमोर कुठला स्कॅनर लागतो?

हा सेन्सर ऑईल मोजतो तरी कसा, हे मी विचारल्यावर तुम्ही गाडीखालूनच समजावलंत. आतला एक भाग क्षणभर तापवतात आणि तो निवायला किती वेळ लागतो ते बघतात. तापलेली सळई पाण्यात धरली तर लगेच निवते, हवेत धरली तर वेळ घेते, तसंच. भोवती ऑईल असेल तर चटकन निवतो, नसेल तर सावकाश. काही गाड्यांत हेच काम ध्वनिलहरींनी होतं. कशानेही होवो, बसतो तो चेंबरच्या तळाशी, म्हणून तो बदलायचा तर सगळं ऑईल काढावंच लागतं. मग ऑईल आणि फिल्टर तेव्हाच नवं घालून टाक, असं तुम्ही सुचवलंत. सर्व्हिसिंग जवळ आलंच होतं.

नवा सेन्सर घेताना जुन्यावरचा नंबर तंतोतंत जुळवायला लावलात, दिसायला सारखा म्हणून चालत नाही. गाडी जॅकवर उचलली तरी स्टँड लागल्याशिवाय आणि मागच्या चाकांना ठोकळे बसल्याशिवाय मला जवळ येऊ दिलं नाहीत. जुनं ऑईल डब्यात उतरलं, मग तीन छोटे बोल्ट. दोन तुम्ही काढलेत, तिसऱ्याला माझ्या हातात पाना दिलात. मी, जिने आजवर खुर्चीचा स्क्रूसुद्धा आवळलेला नाही! सेन्सर सुटला तसं उरलेलं ऑईल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं आणि तुम्ही हसलात.

बसवताना मात्र तुम्ही हसत नव्हता. जागा कोरडी पुसली, पॅकिंग नवं लावलं, बोल्ट आधी हाताने फिरवले आणि मग ठरलेल्या जोरानेच आवळायच्या टॉर्क पान्याने 10 न्यूटन-मीटर. माझा हात आणखी अर्धा फेरा मारायला निघाला होता, तेव्हा मनगट धरलंत. "चेंबर अल्युमिनियमचं आहे. आटे गेले की सेन्सर परवडला म्हणशील." ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा. ऑईल एकदम पूर्ण न भरता थोडं कमीच भरलं, इंजिन दोन मिनिटं चालवलं, बंद केलं, थांबलो, आणि पट्टी बघत बघत वर नेलं. तोपर्यंत तुम्ही टॉर्च घेऊन खाली जाऊन बसला होतात, कुठे थेंब येतो का बघत.

जुनं ऑईल कॅनमध्ये भरून मी गोळा करतात तिथे देऊन आले, गटारात नाही. हे तुम्ही दोनदा विचारलं होतंत, म्हणून लिहून ठेवते.

आता महिना झाला. दिवा नाही. तरी मी दर पंधरा दिवसांनी पट्टी बघते.

आणि सॉकेट. त्या दिवशी तुम्ही अर्धा तास शोधलात, पेटी दोनदा उपसलीत, माझ्यावरही संशय घेतलात. परवा स्पीडब्रेकरवर गाडीखालून खडखड ऐकू आली आणि माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, गेलं काहीतरी. कव्हर उघडलं, या वेळी एकटीने, स्टँड लावून. तर पुढच्या कडेला, कव्हराच्या खोबणीत, तुमचा दहाचा सॉकेट निवांत पडलेला. महिनाभर माझ्याबरोबर फिरत होता.

पुसून ठेवलाय. संध्याकाळी घरी असाल तर आणून देते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची