टाकीच्या तळाला नाव

मिलवॉकी, फेब्रुवारी अखेर

प्रिय बापू,

शनिवारी रात्री तुला फोन लावला होता. तिकडे रविवारची सकाळ, तू झोपलेला असणार. उचलला नाहीस ते एका अर्थी बरं झालं, कारण सांगायचं होतं ते दहा मिनिटांत मावलं नसतं. शिवाय आपल्या मिस्त्री आबांच्या बुलेटचं काय करू, असं तू जानेवारीत विचारलं होतंस, त्याचं उत्तरही राहिलंय. दोन्ही एकत्रच लिहितो. दुकानात नको वाचू, रात्री निवांत वाच.

इथे उणे पंधरा चालू आहे. रस्त्यावर बर्फासाठी मीठ पसरतात, त्यामुळे नोव्हेंबरनंतर शहाणा माणूस गाडी बाहेर काढत नाही. मीठ क्रोम खातं, चेन खातं, स्पोकची निपलं खातं. मग चार-पाच महिने ही मंडळी तळघरात नाहीतर गॅरेजात हीटर लावून गाड्या खोलून बसतात. इथला मोठा कस्टम बाईक शो भर थंडीत का भरतो, हे मला पहिल्या वर्षी समजलं नव्हतं. हिवाळ्यात हातून जे उतरलं ते दाखवायचं तर हीच वेळ. शोचं नाव 'मामा ट्राइड', 2014 पासून भरतो. इकडे मामा म्हणजे आई. आईने बिचारीने प्रयत्न केला, पोरगं काही ऐकलं नाही, असा त्या नावाचा अर्थ. तुझी आई आठवली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी चाळण झालेले आपले शर्ट ती दोरीवर वाळत घालायची आणि एक शब्द बोलायची नाही.

शोला जोडून एक शर्यत असते, 'फ्लॅट आउट फ्रायडे'. बंद स्टेडियममध्ये, चक्क सिमेंटच्या फरशीवर. फरशी गुळगुळीत, टायर धरणार कसा? तर डॉक्टर पेपर नावाच्या कोल्ड्रिंकचा पाक ओततात. तो वाळून चिकट झाला की मग गाड्या सोडतात. काकवी सांडलेल्या गुऱ्हाळात चप्पल उचलताना जो आवाज येतो ना, तोच आवाज तिथे चालताना येतो, आणि वासही गोडसर. गाड्यांना पुढचा ब्रेक नसतो. सगळी वळणं डावीकडे, डाव्या बुटाला पोलादी तळ, तो फरशीवर टेकवून मागचं चाक घसरवत वळायचं. बापू, तू पाहायला हवं होतंस. आपण शाळेच्या मैदानात चिखलात राजदूत अशीच फिरवायचो.

पण मला सांगायचंय ते एका पाटीबद्दल. शोमध्ये एक हार्ली उभी होती, 1946 चं नकलहेड नावाचं जुनं हार्ली इंजिन. फ्रेम हाताने वाकवलेली, टाकी शेंगदाण्याएवढी, सीट जुन्या कातड्याची. गाडीशेजारी पोस्टकार्डाएवढी पाटी. फ्रेम कुणी वाकवली, टाकीचा पत्रा कुणी ठोकला, कातडं कुणी शिवलं, निकेल कुणी चढवलं, इंजिनाचा खालचा भाग कुणी बांधला, रंग कुणाचा. सात नावं. मालकाचं नाव शेवटी, तेवढ्याच अक्षरांत. मी त्या पाटीसमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. गाडीपेक्षा पाटीच पाहत राहिलो.

कारण ही रीत इथेही जुनी नाही रे. 1969 च्या 'ईझी रायडर'मधली ती अमेरिकेच्या झेंड्याची टाकी असलेली लांबलचक चॉपर, म्हणजे मूळ फ्रेम कापून-जोडून बनवलेली बाईक, तुला आठवते. तुमच्या शटरच्या आतल्या बाजूला तिचंच पोस्टर होतं. चॉपर म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर तीच गाडी येते. ती बनवली दोन कृष्णवर्णीय माणसांनी, क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी. वॉझ नागरी हक्कांच्या चळवळीत होता, फोटो काढायचा. हार्डीचं गॅरेज लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ली घेऊन त्यांनी त्या गाड्या उभ्या केल्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही. हार्डी 1994 मध्ये गेला. पुढे 2014 मध्ये, त्याच चित्रपटातली खरी गाडी म्हणून एका गाडीवर साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली. ती खरी की खोटी यावरही वाद झाला. तू विचार कर, गाडी अस्सल आहे का यावर एवढी चर्चा, आणि ती बनवणाऱ्याचं नाव पंचेचाळीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

आपण तरी कुठे विचारलं होतं? तुमच्या घरी केबल आली होती आणि डिस्कव्हरीवर 'अमेरिकन चॉपर' लागायचं. न्यूयॉर्क राज्यातला तो टटल बाप आणि त्याचा पोरगा. बापाच्या पिळदार मिशा, कायम चढलेला आवाज, पोरगा हट्टी. गाडी अमुक तारखेला द्यायची आहे, काम अर्धं पडलंय, आणि दोघं एकमेकांवर ओरडताहेत. मालिका 2003 मध्ये सुरू झाली आणि जगभर गाजली ती त्या भांडणामुळेच. आपल्याला तेव्हा ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. न्यूयॉर्कच्या हल्ल्यात गेलेल्या 343 अग्निशामकांच्या आठवणीत त्यांनी लाल गाडी केली, तो भाग तर आपण श्वास रोखून पाहिला. पण आबा मागे खुर्चीत बसून चहा पीत एकदा म्हणाले, "अरे, भांडण पुरे, तो कोपऱ्यातला माणूस टाकी कशी जोडतोय ते दाखवा की." कॅमेरा काही तिकडे वळला नाही. आज वाटतं, सगळ्या बाईकच्या मालिकांवरची ती सगळ्यात नेमकी टीका होती. नंतरच्या गुन्हेगारी टोळ्यांच्या मालिकांत तर गाडी नुसती बसायला उरली. बाईकवाला म्हणजे कातडी जाकीट आणि पिस्तूल, एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं.

त्यातल्या त्यात मला 'बाईकर बिल्ड-ऑफ' आवडायची. दोन कारागीर, प्रत्येकी एक गाडी, आणि ती स्वतः चालवत शोपर्यंत न्यायची. त्यात ब्रुकलिनचा इंडियन लॅरी होता. तो काही झाकायचाच नाही. वायर, नळ्या, वेल्ड, सगळं डोळ्यांसमोर. फ्रेमची पोलादी नळी दोरीसारखी पिळायचा. एका गाडीच्या फ्रेमसाठी तर त्याने साखळीच्या कड्या एकमेकींना जोडून घेतल्या. 2004 च्या ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात एका शोमध्ये चालत्या गाडीच्या सीटवर उभं राहण्याचा त्याचा नेहमीचा खेळ करताना तो पडला. डोक्याला हेल्मेट नव्हतं. दोन दिवसांनी गेला. एवढे कसबी हात, आणि डोक्यावर एक हेल्मेट नाही. मला त्याचा अजून राग येतो.

आता आपली गाडी, आबांची नव्हे, आपण दोघांनी केलेली. ती 350 बुलेट, बिडाच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. चॉपर करायची म्हणून आपण फ्रेमची मान, म्हणजे हँडल जिथे बसतं ती पुढची नळी, कापायला निघालो, तेव्हा आबांनी कटर हातातून काढून घेतला. आठवतं? त्यांनी आधी सुतळी मागितली. मानेच्या नळीतून सुतळी थेट जमिनीपर्यंत ताणली, तिथे खडूने खूण केली. मग चाक जमिनीला टेकतं तिथे दुसरी खूण. "या दोन खुणांमधलं अंतर चार बोटं आहे," म्हणाले, "हीच गाडीची अक्कल. मान मागे झुकवाल तसं हे अंतर वाढेल. सरळ रस्त्यावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाईल, पण शिरोली नाक्यावर वळवायला गेलात की हँडल एका अंगाला आपोआप पडेल आणि तुम्ही त्याच्या मागोमाग." आपण ऐकलं नाही, दीड वीत केलं, आणि तू नाक्यावर पडलास. मग फ्रेम पुन्हा कापली आणि आबांच्या मापाने जोडली. मी इथे डिझाइनच्या कामात बारा वर्षं काढली, बापू. त्या सुतळीपेक्षा सोप्या शब्दांत ती गोष्ट मला कुणी समजावलेली नाही.

टाकी तू केलीस. वाळूच्या पिशवीवर पत्रा, लाकडी हातोडी, रात्री अकरापर्यंत ठक ठक ठक, शेजारचे लेथवाले शिव्या द्यायचे. खड्डे बुजवायला पुटी जवळजवळ लागलीच नाही. आणि मग आपल्याला पैशांची नड होती, गाडी विकली. घेणाऱ्याने ती पुढे एका शोमध्ये स्वतःची निर्मिती म्हणून उभी केली. मासिकात फोटो आला, त्यात त्याचा हात तुझ्या टाकीवर. तू ते पान माझ्याकडे दिलंस आणि म्हणालास, "जाऊ दे, पैसे दिलेत त्याने." मी पण 'जाऊ दे' म्हणालो. ते चुकलं. मी त्या वेळी ताबडतोब त्या मासिकाला पत्र लिहायला हवं होतं, माझी मराठी आणि इंग्रजी तुझ्यापेक्षा बरी होती. तू हातांनी केलंस, ते शब्दांत मांडणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. गेली कित्येक वर्षं हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तिकडे आता कायदा कडक आहे, ते मला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. रात्री दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, त्याबद्दल मला काहीही वाईट वाटत नाही. पण मानेचं माप सुतळीने घेणारा आबांसारखा मिस्त्री आणि बाजारातून पाईप आणून ठोकणारा, दोघं एकाच कलमात बसतात, हे मनाला लागतं. 2013 मध्ये गोव्यात इंडिया बाईक वीक सुरू झाला, त्याला हजारो लोक जमतात. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर तयार झालेलं काम तिथे उभं राहिलं तर त्याच्या शेजारी पाटी असावी, सात नावांची, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता आबांची बुलेट. इथल्या हार्लीच्या संग्रहालयात एक गाडी आहे. 2011 च्या त्सुनामीत जपानमधून एका कंटेनरसकट वाहून गेली आणि वर्षभराने कॅनडाच्या किनाऱ्याला लागली, साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. मालक सापडला. त्याच्या घरातली माणसं त्या लाटेत गेली होती. कंपनीने गाडी नवीकोरी करून देऊ म्हटलं, त्याने नको म्हटलं. जशी सापडली तशीच ठेवा, गेलेल्यांची आठवण म्हणून. म्हणून ती तशीच आहे, गंजलेली, स्पोक कुजलेले, इंजिनावर मिठाचे थर. मी दर हिवाळ्यात एकदा जाऊन पाहून येतो.

आबांच्या गाडीला गंजू देऊ नकोस, ते वेगळं. इंजिन उघड, रिंगा बदल, वायसर बदलून घे, मॅग्नेटो बघ, ती चालती हवी. पण टाकीवरचा तो पितळी वेल्डचा डाग घासू नकोस. पन्हाळ्याच्या घाटात टाकी फुटली, साबण लावून घरी आणली आणि आबांनी रात्रीत जोडली, तोच तो डाग. डाव्या मडगार्डावरचा पोचाही ठेव. आणि हँडलच्या मुठीला त्यांनी गुंडाळलेली सायकलची ट्यूब काढायचीच झाली तर फेकू नकोस, मला ठेव. क्रोम करून देतो म्हणून तो पोरगा मागे लागलाय ना, त्याला नाही म्हणून सांग.

आणि एक काम सांगतो. मी तळघरात हार्लीची एक जुनी स्पोर्टस्टर घेऊन ठेवलीय, 1974 ची. ऑइलची टाकी पार सडलीय. इथे विकत मिळते, पण मला तुझ्या हातची हवी. कागदावर मापं काढून सोबत पाठवतोय, मिलिमीटरमध्ये आहेत. सीटच्या खाली फक्त 180 ची जागा आहे, त्याहून रुंद नको. पत्रा दीड मिलिमीटरचा घे. खालचं ड्रेन बूच इथलंच आणून देईन, आटे वेगळे असतात. गणपतीत मी येतोय, जाताना बॅगेतून नेईन. रंग नको, प्रायमर नको, नुसतं तेल लावून ठेव. तळाला, बूच येतं त्याच्या बाजूला, अक्षरांच्या पंचने तुझं नाव ठोक. देवनागरी पंच उद्यमनगरात मिळतात का बघ, नसतील तर कोरून घे. नावाखाली 'कोल्हापूर' पण घाल. पुढच्या फेब्रुवारीत शोमध्ये पाटी लागेल तेव्हा मला त्यावरून बघून लिहायचंय.

काकींना नमस्कार सांग. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते कळव.

तुझा,
संज्या