फुटीइतकीच गळतीही महत्त्वाची

सीमाभागातील मराठी मतांच्या फाटाफुटीवरचा लेख वाचला. २०१३ मध्ये कर्नाटक विधानसभेवर, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २ आमदार निवडून आले; २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. फूट हे कारण खरेच, पण मतदार यादीतून गळणाऱ्या नावांचे काय? महाराष्ट्रातील चंदगडहून कर्नाटकातील खानापुरात लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्याच यादीत राहते. तिने नमुना ६ भरू नये, तो पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यांसाठी असतो. स्थलांतरासाठी, राज्य बदलले तरी, नमुना ८ आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. यादीत नाव नसेल तर नुसत्या ओळखपत्रावर मतदान करता येत नाही, हे अनेकांना केंद्रावर गेल्यावरच कळते. समितीच्या कार्यकर्त्यांनी निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता गल्लोगल्ली याद्या तपासाव्यात.

– एक वाचक, खानापूर