चमच्याच्या दांड्यावरची खाच

प्रिय वरच्या खोलीतल्या पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. समोर आभार मानायला गेले की तू "काय काकू तुम्ही पण!" म्हणतेस आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळतेस. परीक्षा आटोपून तू गावी गेलीस, खोलीला कुलूप लागलं, आणि माझं बोलणं राहूनच गेलं. म्हणून चारचौघांत लिहायला बसले आहे. तू वाचशीलच, आणि आणखी काहीजण वाचतील तर तेही मला हवंच आहे.

मार्चमधला तो आठवडा तुला माहीत आहे, पण अर्धाच. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला, मिरजेला ऑपरेशन झालं. ह्यांच्या कारखान्याचा हंगाम शेवटाला आलेला, गळीत बंद व्हायच्या आधी रजा मिळणं मुश्कील. पाळी संपली की हे थेट दवाखान्यात आईच्या उशाशी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघते. मार्चमध्ये आमच्याकडे सौद्यांचा भर असतो, नवी हळद उतरत असते, वर वर्षअखेर. विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या वेळेत निघाल्या नाहीत तर लांबून आलेला शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून राहतो, आणि त्याला बसलेलं बघून मला उठवत नाही. सकाळी यार्ड, संध्याकाळी मिरज, रात्री विश्रामबागेतलं घर. घरी दोन पोरं, थोरली सातवीत, धाकटा दुसरीत.

फोन खूप आले. प्रत्येकानं चौकशी केली, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य होतं, "काही लागलं तर सांग हं." हे म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण एकदा मी खरंच सांगितलं. अगदी जवळच्या नात्यात, सांगलीतच राहणाऱ्या घरी फोन करून म्हटलं, दोन-तीन दिवस संध्याकाळी पोरांच्या पोटात दोन घास जातील एवढं बघता का? उत्तर आलं, "अगं, आधी सांगितलं असतंस तर केलं असतं." आधी म्हणजे कधी? सासूबाई घसरायच्या आधी? ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही, आणि जावं असं मला वाटतही नाही.

मग डबा लावला. आठवड्याचे पैसे आगाऊ घेतले गेले. दोन दिवस डबा आला, तिसऱ्या दिवशी आला नाही, चौथ्या दिवशी फोन बंद.

त्या चौथ्या रात्री तू खाली आलीस ती पाण्याची मोटर लावा म्हणून सांगायला. सव्वाआठ वाजले असतील. मी नुकतीच मिरजेहून आले होते, चप्पलसुद्धा पायातच होती. धाकटा जमिनीवर ताट घेऊन बसला होता आणि ताटात भडंग होतं. आदल्या रात्रीही भडंगच होतं. आपल्या सांगलीचं भडंग मला जीव की प्राण, पण लेकरानं सलग दोन रात्री जेवण म्हणून ते खावं हे बघून माझ्या घशात आवंढा आला. तू दारातूनच ताटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. एकही प्रश्न विचारला नाहीस. "काकू, मोठं पातेलं कुठंय?" एवढंच म्हणालीस आणि वर जाऊन पास्त्याचं पाकीट घेऊन आलीस.

मी म्हटलं, अगं नको, त्याचा फार पसारा होतो. मी एकदा केला होता. मोठ्या भांड्यात पाणी उकळा, त्यात शिजवा, चाळणीत ओता, दुसरीकडे रस्सा करा, तिसरीकडे एकत्र करा, आणि तोवर चाळणीतल्याचा गोळा झालेला. तू हसलीस. "आमच्याकडे खोलीवर शेगडी एक आणि भांडंही एकच आहे. पसारा करायचा म्हटला तरी होत नाही."

आणि खरंच, सगळं एका पातेल्यात. कांदा-लसूण तेलावर परतलास, चार टोमॅटो चिरून घातलेस, होती ती अर्धी ढबू मिरची घातलीस, त्यावर कोरडा पास्ता, पाणी, मीठ, झाकण. मी सवयीनं हळदीच्या डब्याकडे हात नेला आणि थांबले. तू म्हणालीस, "घाला की, सांगलीत आहोत आपण." पाणी ओतून का द्यायचं नाही, हेही तू मला माझ्या भाषेत सांगितलंस. भाताची पेज ओतून दिली की त्यातलं सत्त्व जातं, तसंच हे. पास्त्यातलं पीठ पाण्यात उतरतं, ते पाणी आटतं तसं दाट होतं, आणि तोच त्याचा रस्सा. वेगळं काही करायचं नाही. सुरुवातीला दोन-तीनदा तळापासून ढवळायचं, नाहीतर एकमेकांना चिकटतं, एवढीच काळजी. दहा-बारा मिनिटं झाकणाखाली रटरट चालली होती आणि मी ओट्याला टेकून नुसती उभी होते. चार दिवसांत पहिल्यांदा माझे हात रिकामे होते. नखांच्या कडांना दुकानातली हळद तशीच होती.

पावणेनऊला पोरं जेवत होती. धाकट्यानं तीनदा घेतलं.

पण पोरी, हे पत्र त्या जेवणासाठी नाही. एका रात्रीचं जेवण कोणीतरी, कधीतरी दिलंच असतं. पुढं तू जे केलंस ते मला सांगायचं आहे. तुला ते आठवतही नसेल.

पातेल्यावर झाकण ठेवण्याआधी तू विचारलं होतंस, "काकू, रोज किती जण जेवता?" मी म्हटलं, सध्या तिघं, ह्यांचं आणि सासूबाईंचं काही खरं नाही. तू ओट्यावरचा लाकडी चमचा उचललास, उलटा धरलास, दांड्याचं टोक पातेल्याच्या तळाला टेकवलंस. पाणी जिथवर आलं होतं तिथं अंगठ्याचं नख रोवलंस. मग बटाटे सोलायची सुरी घेऊन त्याच जागी एक खाच पाडलीस. तळापासून साधारण तीन बोटांवर. थोडा भुसा ओट्यावर पडला, तो तू फुंकर मारून उडवलास. मग अंदाज घेऊन त्याच्या वर दोन बोटांवर दुसरी खाच. "खालची अर्ध्या पाकिटाला, वरची अख्ख्या पाकिटाला. पातेलं मात्र हेच घ्यायचं. टोमॅटो, पास्ता सगळं आत पडलं की दांडा उभा करायचा आणि खाचेपर्यंत पाणी. बास. कुणालाच काही विचारायचं नाही."

तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं होतं. त्या खाचेचं मोल मला पुढच्या गुरुवारी कळलं.

त्या दिवशी ह्यांची पहिली पाळी होती, म्हणून संध्याकाळी हे घरी आणि मी सासूबाईंपाशी. ह्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही केलेलं नाही. हे आळशी नाहीत गं, उन्हातान्हात राबणारा माणूस आहे, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की पहिला फोन मला. डाळीत पाणी किती? मीठ किती? कुकरच्या शिट्ट्या किती? लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी जिथं असेन तिथं हा 'किती' माझा पाठलाग करत येतो. लग्नकार्यात आला आहे, अंत्यविधीलाही आला आहे. काम दुसऱ्यानं केलं तरी माप माझ्या डोक्यातच राहतं, आणि म्हणून खरी सुटका कधी होत नाही.

त्या गुरुवारी साडेसात वाजले, आठ वाजले. मी फोन हातातच धरून बसले होते. वाजला नाही. मला धास्ती वाटली, पुन्हा भडंग की काय. नऊला घरी पोचले तर ओट्यावर पातेलं, त्यावर ताट झाकलेलं, पोरं झोपलेली. माझ्या वाट्याचा पास्ता थोडा आळला होता, त्यात कपभर गरम पाणी घालून सारखा केला आणि ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला. चमचा धुऊन उभा केलेला होता. खाचेत हळद शिरून ती पिवळीजर्द झाली होती. लेक दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबांनी दांडा इतका वाकून बघितला आई, जसं काही आयर्विनचं पाणी मोजतायत."

तू बाहेरगावची, तुला कदाचित ही गोष्ट नवी असेल. पावसाळ्यात आमच्या सांगलीत भेटला की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती?" चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. कृष्णेवरच्या त्या पुलाशी फुटांचे आकडे आहेत म्हणून शिकलेला असो, अडाणी असो, सगळ्यांना एकच माप कळतं. कुणी कुणाला समजावत बसत नाही, आकडा ऐकला की माणसं बोजा बांधायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा माझं माहेरचं घर गावभागात बुडालं होतं. आम्ही एका शाळेच्या वर्गात होतो. कुठल्या कुठल्या खेड्यांतून भाकरीची गाठोडी आली. कोणत्या बाईनं त्या थापल्या हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि "काही लागलं तर सांगा" असा निरोप त्या गाठोड्यासोबत नव्हता. भाकरी होती, वर मिरचीचा ठेचा होता. पुरात सापडलेल्या माणसाला काय लागतं हे विचारावं लागत नाही, हे त्या बायकांना ठाऊक होतं.

अशी माणसं आहेत, म्हणून निभतं. मिरजेच्या वॉर्डातल्या एका मावशी सासूबाईंची वेणी घालून द्यायच्या, ते त्यांच्या कामात बसत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची मुलगी स्वतःसाठी चहा आणताना माझ्यासाठीही कप आणायची. ही माणसं नात्यातली नाहीत. कुणी मोठं काही केलं असंही नाही. समोरच्याकडे नीट बघितलं, एवढंच. आणि ज्यांना मी वीस-वीस वर्षं ओळखते, ज्यांच्या बाळंतपणांना मी डिंकाचे लाडू करून नेले, त्यांनी मात्र मला सांगायला लावलं आणि सांगितल्यावर उशीर झाला म्हणून परत पाठवलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते खरं आहे.

सासूबाई नवव्या दिवशी घरी आल्या. आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. त्या रात्री मुद्दाम पास्ताच केला, अख्खं पाकीट, वरच्या खाचेपर्यंत पाणी. त्यांना वाटीत मऊसर दिला. दोन घास खाऊन म्हणाल्या, "ह्या तर चकोल्याच की गं!" मी म्हटलं, आई, हे परदेशातलं असतं. "असू दे. पिठाच्या चकत्या रटरटणाऱ्या डाळीत सोडायच्या आणि त्याच भांड्यात दाट होऊ द्यायच्या. माझी आई शेतावरनं आली की हेच करायची. दमलेल्या बाईचं जेवण आहे हे." लेकीनं पाकिटावरचं ड्युरम हे नाव वाचून दाखवलं, तो बन्सी गहू असतो म्हटल्यावर तर त्यांनी आणखी अर्धी वाटी मागून घेतली. खपली गव्हाचा नाही ना, एवढी चुटपुट मात्र लागली. आमच्या घरी खीर खपलीचीच.

हा चमचा पुढं कुणाला काय सांगणार, ते मला माहीत नाही. सध्या एवढं झालंय की गुरुवारी जेवण हे करतात. लेकीनं परवा चकोल्यांसाठी तिसरी खाच पाडायची परवानगी मागितली, तिच्या आज्जीनं जागा दाखवली. मी तिथं नव्हते. मला कुणी विचारलं नाही.

त्या पहिल्या रात्री वर जाताना तू पातेलंसुद्धा घासून पालथं घालून गेली होतीस, ते मी सकाळी बघितलं. तेव्हाच वर येऊन काही बोलायला हवं होतं. सौद्यांची वेळ गाठायची म्हणून तशीच निघाले. ते आज बोलते आहे. तुझे उपकार झाले, पोरी.

निकालाला सांगलीला येशील तेव्हा आधी फोन करू नकोस, काही आणू नकोस, सरळ खाली ये. वरच्या खाचेच्या वर बोटभर पाणी जास्त घालीन.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू