चिंगी, गोट्या आणि पऱ्हाट्यांचा ढीग

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तर लिहायला मात्र सोयाबीन घरात येईपर्यंत सवड झाली नाही. लेकीला जॅक रसेल हवा आहे आणि ‘छोटंच तर कुत्रं आहे’ असं तू लिहिलंस. सहा-सात किलोचं असतं हे खरं. तरी मला झटकन हो म्हणवत नाही.

आमची चिंगीही जॅक रसेल टेरियरच. आठ महिन्यांची असताना ती फाटकाखालून निसटली आणि शेजारच्या काकूंच्या अंगणात शिरली. मी धावत पोचेस्तोवर पाच कोंबड्या आडव्या पडल्या होत्या. एकही खाल्लेली नव्हती. मान धरायची, दोन झटके द्यायचे, टाकायची, पुढची धरायची. काकू ओरडल्या नाहीत. तिथेच बसून पिसं वेचत राहिल्या. मी पैसे दिले, पण त्यातली एक खुडूक बसलेली होती, तिच्याखालची अंडी गेली ती गेलीच. घरी आणून मी चिंगीला काडीनं मारलं. त्याची लाज मला आजही वाटते. तिला एवढंच कळलं की मालकानं हाक मारली आणि जवळ गेलं की मार बसतो. पुढे तीन महिने ती हाकेला येईना.

मग मी वाचायला लागलो. टेरियर हा शब्दच मातीतून आला आहे. लॅटिनमध्ये टेरा म्हणजे जमीन. जॉन रसेल या इंग्रज पाद्र्यानं १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून आपली पैदास सुरू केली. त्याला बिळात शिरून कोल्ह्यावर भुंकणारं, त्याला बाहेर काढणारं, पण मारून न टाकणारं कुत्रं हवं होतं. म्हणजे उकरणं, शिरणं, भुंकणं आणि माघार न घेणं याच गुणांसाठी पिढ्यान्पिढ्या निवडलेलं हे जनावर. आमचा सालदार पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, “भाऊ, हे कुत्रं हाय का घूस हाय?” त्यानं बरोबर ओळखलं होतं.

आधी मी तिला सायकलसोबत पाच किलोमीटर पळवायचो. महिन्याभरात ती एवढी तयार झाली की दहा किलोमीटरही कमी पडायला लागले. माझेच पाय दमले. खरा उपाय तिच्या नाकात निघाला. कुटारात, म्हणजे मळणीनंतरच्या भुशात, भाकरीचे वाळके तुकडे लपवायचे आणि शोधायला सोडायचं. पंधरा मिनिटं शोधलं की ती दोन तास गाढ झोपते. गोठ्यामागे सहा फूट लांब-रुंद खड्डा करून त्यात रेती भरली आहे. उकरायचं तर तिथे. त्यात रोज काहीतरी पुरून ठेवतो, म्हणून बाबांचा वाफा वाचला. बांबूला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून पळवतो. झडप घालू देतो, पकडू देतो, मग ‘सोड’ म्हणतो. सोडलं की चिंधी पुन्हा पळते. चिंधी सोडली तरच खेळ पुढे जातो, हे तिला दोन आठवड्यांत कळलं.

हाकेसाठी शिट्टी आणि उकडलेली कलेजी. वावरात तीस फुटांचा कासरा असतोच, तो छातीच्या पट्ट्याला बांधायचा, गळ्याला नाही. खरं सांगतो, ससा उठला की शिट्टीही ऐकू येत नाही तिला, म्हणून कासरा सुटत नाही. घोरपड आणि मुंगूस यांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांच्यामागे तर मुळीच जाऊ द्यायचं नाही. काकूंच्या कोंबड्यांसाठी फाटकाखाली जाळी दीड फूट जमिनीत पुरली.

वर्षभरानं गोट्या हा दुसरा कुत्रा आणला. तिला सोबत होईल हा माझा भाबडा विचार. दोघं एकत्र असले की एक दुसऱ्याला चेव आणतो, म्हणून फिरवतो वेगवेगळं.

गेल्या श्रावणात गोट्या धुऱ्यावरच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगात घुसला. मला घुशीचा भास झाला आणि मी कासरा सैल सोडला. आत घोणस होती. ओठावर चावली. दहा मिनिटांत तोंड दुप्पट झालं. तालुक्याच्या डॉक्टरांकडे प्रतिविष मिळालं म्हणून तो आज आहे. घोणशीच्या विषानं रक्त गोठण्याचं कामच बिघडतं, एकेक मिनिट मोलाचं असतं. त्या रात्री सलाइनची बाटली धरून तुझी वहिनी बसली होती आणि मी बाहेर पायरीवर. ढीग आता घरापासून लांब हलवला आहे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचं विषही टाकत नाही, विष खाल्लेला उंदीर कुत्र्याच्या पोटात गेला तर काय होईल याचा विचार करवत नाही.

उन्हाळा वेगळाच. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि हे स्वतःहून थांबत नाहीत, जीभ बाहेर काढून पळतच राहतात. त्यामुळे पहाटे पाचला आणि रात्री, बस्.

फ्लॅटमध्ये जमेल का, असं विचारलंस. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास तुमच्यापैकी कोणीतरी नक्की देणार असेल, तर जमेल. नाहीतर लेकीची समजूत घाल. कुत्र्याचा दोष नसताना ते परत पाठवायची वेळ येऊ नये, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

दिवाळीनंतर चार दिवस लेकीला घेऊन ये. पहाटे पाचला चिंगीचा कासरा तिच्या हातात देईन. दोघांनी रबरी बूट आणा, तुरीत दव फार असतं, आणि तिथे घोणशीही असतात.

तुझाच