मी एवढ्यात घरी का येत नाही

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुट्टी मिळाली तरी मी घरी येणार नाही म्हटल्यावर आई फोनवरच रडली. बाबा, तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. ते 'बरं' कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. मी रागावलेलो नाही. तुमचं काही चुकलेलंही नाही.

मागे दोन दिवसांसाठी आलो होतो, तेव्हा रात्री पाणी प्यायला उठलो आणि मागच्या खोलीत दिवा लावला. पाच महिने गर्दला, म्हणजे त्या हेरॉइनच्या भुकटीला, हात लावला नव्हता. तरी ती खिडकी दिसली आणि नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, पोटात पीळ. आई, तुला वाटलं सर्दी झाली. ती तलफ होती. जिथे रोज नशा केली ती जागा शरीर ओळखून ठेवतं. जागा दिसली की माल यायच्या आधीच ते त्याला तोंड द्यायच्या तयारीला लागतं, आणि माल आला नाही की तीच तयारी छळते.

बाबा, तुम्ही इच्छाशक्ती म्हणता. ती लागतेच. पण समुपदेशकांनी व्हिएतनामहून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांबद्दल सांगितलं. जवळपास पाचांतल्या एकाला तिथे हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला, तर परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांतले शंभरात पाचेकच पुन्हा अडकले होते. बहुतेकांवर उपचारही झाले नव्हते. नुसत्या जागेमुळे नाही. स्वस्त माल, युद्धाची भीती, कंटाळा, सगळंच एकदम मागे पडलं. त्यांच्यासाठी घर म्हणजे नशेपासून लांब. माझी नशा घरातच होती, तुम्ही शेजारच्या खोलीत झोपलेले असताना.

म्हणून इथल्याच दोघांबरोबर खोली घेतोय. त्यांनीही नशा सोडली आहे. सकाळी काम, संध्याकाळी नशा सोडलेल्यांची मीटिंग.

तोवर एवढं करा. मागच्या खोलीतला माझा पलंग काढा, भिंतींना दुसरा रंग द्या, तिथे आईचं शिवणयंत्र ठेवा. आणि पुढे कधी मी दार लावून बसलो आणि हाकेला ओ दिली नाही, तर लोक काय म्हणतील याचा विचार न करता दार तोडा. इतक्या महिन्यांत शरीराची सवय मोडली आहे. पूर्वी पचायचा तेवढाच डोस आता जीव घेऊ शकतो.

रविवारी दोघंही या. बाबा, तुम्हीसुद्धा.

तुमचा,
धाकटा