डब्ल्यूपीसीच्या फळीत भुसा किती, ते छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली बाथरूमची चौकट, किचनचं कपाट, गॅलरीतलं फ्लोअरिंग सगळं डब्ल्यूपीसीचं (वूड प्लास्टिक कॉम्पोझिट, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेली फळी), आणि दुकानात एकच वाक्य, शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त लावा. मी रत्नागिरीत सुतारकामाची कंत्राटं घेतो, इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हे वाक्य ऐकून गप्प बसवत नाही.

मुळात एकाच नावाखाली दोन वेगळे माल विकतात. एक पीव्हीसी फोमचा बोर्ड, त्यात लाकूड नावापुरतं, बरेचदा नुसती चुनखडीची पावडर. त्याला पाण्याचं फारसं काही होत नाही हे खरंय, पण हलका असेल तर स्क्रू नीट धरत नाही. दुसरा म्हणजे पॉलिथिन नाहीतर पॉलिप्रॉपिलीनमध्ये निम्म्याच्या आसपास लाकडाचा भुसा घातलेला. खरी गोम इथे आहे. भुसा पाणी ओढतो, प्लास्टिक ओढत नाही, आणि दोघं आपणहून एकमेकांना धरत नाहीत, म्हणून मॅलेइक अनहायड्राइड नावाचं रसायन जोडलेलं प्लास्टिक साधारण २ ते ५ टक्के मिसळावं लागतं. पैसे वाचवायला ते कमी केलं किंवा भुसा नीट न वाळवताच मशीनमध्ये घातला की आत पोकळ्या राहतात, पाणी तिथूनच शिरतं. मग पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात आकसायचं, भुशाभोवती बारीक तडे जातात आणि पुढच्या पावसात पाणी अजून आत जातं. भुसा वाढवला की फळी ताठ होते, हातात घेतल्यावर दणकट वाटते, पण ती ठिसूळही होते, धक्का बसला की कोपरा उडतो. गिऱ्हाईक मात्र ताठ म्हणजेच मजबूत असं धरून चालतं.

ब्रोशरमध्ये फळी पाणी किती ओढते याचा आकडा असतो तो बहुतेक २४ तास पाण्यात बुडवून काढलेला. अहो, या मालात पाणी इतकं हळू मुरतं की जाड फळी पूर्ण भिजायला आठवडे, कधी महिने जातात, मग २४ तासांत काय कळणार? आमचा पावसाळा चार महिन्यांचा आहे!

ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सने प्रत्येक फळीवर भुशाचं प्रमाण, प्लास्टिक कुठलं, महिनाभर भिजवल्यावर किती फुगली आणि भिजल्यावर धक्का किती सोसते एवढं छापणं सक्तीचं करावं. तोवर घर बांधणाऱ्यांनी निदान कापलेली टोकं आणि स्क्रूची भोकं सील करून घ्या, वरचा प्लास्टिकचा थर तिथेच उघडा पडतो आणि घाईच्या कामात नेमकं तेच राहून जातं.

– एक सुतारकाम कंत्राटदार, रत्नागिरी