सुरक्षिततेच्या घोषणा आणि गुरुवारचा सामना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याच्या, निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलविषयी आलेला लेख मी ओहायो राज्यातील सिनसिनाटीजवळच्या मेसन या गावी बसून वाचला. जाहिरातींचे दर, मध्यंतरातला गाण्यांचा कार्यक्रम आणि खेळाचे नियम यांची माहिती लेखकाने सोप्या भाषेत दिली होती. मात्र शेवटी, नॅशनल फुटबॉल लीगने, म्हणजे एनएफएलने, खेळाडूंच्या सुरक्षिततेला ‘सर्वोच्च प्राधान्य’ दिले आहे, असे एक वाक्य होते. लीगचे अधिकारी पत्रकार परिषदांमधून हेच वाक्य वर्षानुवर्षे म्हणत आले आहेत. मी हा खेळ अठरा वर्षे आवडीने पाहत आलो आहे, म्हणूनच ते वाक्य तसेच सोडून देणे मला जमले नाही.

२९ सप्टेंबर २०२२ रोजी, गुरुवारी रात्री, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या पेकोर स्टेडियममध्ये सिनसिनाटी बेंगल्स आणि मायामी डॉल्फिन्स यांचा सामना होता. मी आणि माझा मुलगा तो घरी टीव्हीवर पाहत होतो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, टुआ टागोवायलोआ याला प्रतिस्पर्ध्याने धरून गरकन फिरवून खाली पाडले आणि त्याचे डोके मैदानावर आपटले. तो पाठीवर पडून होता, दोन्ही हात चेहऱ्यासमोर उचललेले होते, आणि बोटे वाकडीतिकडी होऊन जागच्या जागी ताठरली होती. कॅमेरा त्या बोटांवर काही क्षण थांबला. “बाबा, तो बोटं का हलवत नाहीये?” असे मुलाने विचारले. मेंदूला जबर हादरा बसल्यावर शरीर असे ताठरते, हे मला तेव्हा माहीत नव्हते, म्हणून मी काहीच उत्तर दिले नाही.

त्या रात्रीपेक्षा आधीच्या रविवारी जे घडले ते मला अधिक गंभीर वाटते. चारच दिवसांपूर्वी बफेलो बिल्सविरुद्धच्या सामन्यात याच खेळाडूचे डोके जमिनीवर आदळले होते. तो उठला, त्याने डोके झटकले, दोन पावले टाकली आणि त्याचे गुडघेच गेले. सहकाऱ्यांनी त्याला धरले नसते तर तो पुन्हा कोसळला असता. लाखो लोकांनी हे पाहिले. संघाने आधी डोक्याची दुखापत म्हणून सांगितले, नंतर पाठीची म्हणून सांगितले, आणि मध्यंतरानंतर तो पुन्हा खेळायला उतरला. पुढे लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी संयुक्त चौकशी केली. डोक्याच्या दुखापतीसाठी ठरलेल्या प्रोटोकॉलचे पालन झाले होते, परंतु जो परिणाम अपेक्षित होता तो साधला नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. त्यानंतर तोल जाण्याचे लक्षण दिसलेल्या खेळाडूला त्या दिवशी परत उतरवायचे नाही, अशी दुरुस्ती नियमांत झाली.

आता याच राज्यातल्या शाळकरी मुलांसाठी काय नियम आहे तेही सांगतो. ओहायोच्या २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार डोक्याच्या दुखापतीचे लक्षण दिसलेल्या मुलाला ताबडतोब मैदानाबाहेर काढावे लागते, त्याला त्या दिवशी परत घेता येत नाही, आणि डॉक्टरांची लेखी परवानगी आल्याशिवाय तो पुन्हा खेळू शकत नाही. शाळेच्या हिरवळीवर चौदा वर्षांच्या मुलाला मिळणारे हे संरक्षण जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगमधल्या खेळाडूला २०२२ मध्ये मिळाले नाही.

ती दुखापत गुरुवारच्या सामन्यात झाली, याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. हा खेळ आठवड्यातून एकदाच खेळायचा, कारण शरीर सावरायला तेवढे दिवस लागतातच. रविवारी खेळलेल्या संघाला गुरुवारी पुन्हा उतरवले की मध्ये उरतात अवघे तीन दिवस, आणि त्यातही एक बहुधा प्रवासात जातो. खेळाडू कित्येक वर्षे याविरुद्ध उघडपणे बोलत आले आहेत. पण गुरुवारच्या सामन्यांचे हक्क अ‍ॅमेझॉनने २०२२ पासून वर्षाला सुमारे १०० कोटी डॉलर देऊन घेतले आहेत. टुआच्या त्या सामन्यानंतर सहा महिन्यांच्या आत, मार्च २०२३ मध्ये, मालकांची बैठक झाली आणि तीत एका संघाला एका हंगामात असे कमी विश्रांतीचे सामने एकाऐवजी दोन खेळायला लावता येतील, असा ठराव संमत झाला. आपल्या लेखातल्या ‘सर्वोच्च प्राधान्या’शी या ठरावाचा मेळ मला घालता येत नाही. २०२१ मध्ये हंगाम सोळा सामन्यांवरून सतरावर गेला. त्याला वाट करून देणाऱ्या, लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या करारावर खेळाडूंनी मतदान केले तेव्हा बाजूने १०१९ आणि विरुद्ध ९५९ मते पडली, इतका तो निर्णय त्यांच्यासाठी अवघड होता. आता कमिशनर रॉजर गुडेल अठराव्या सामन्याविषयी बोलू लागले आहेत.

एनएफएलने आपल्याच खेळाडूंच्या मेंदूविषयी काय भूमिका घेतली, हा इतिहास मराठी वाचकांना फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून तो थोडा सविस्तर लिहितो. माइक वेब्स्टर हा पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर, म्हणजे प्रत्येक चालीला डोके पुढे करून समोरच्यावर आदळणारा खेळाडू. सतरा हंगाम तो खेळला, चार सुपर बोल जिंकला. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, संसार मोडला, आणि काही काळ तो आपल्या ट्रकमध्येच झोपत असे. २००२ मध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूचे पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा टाऊ नावाच्या प्रथिनाचे साठे त्यांत आढळले. वारंवारच्या आघातांनी होणारा हा विकार सीटीई या नावाने ओळखला जातो आणि त्याचे खात्रीचे निदान अजूनही मृत्यूनंतरच होते. ओमालूंचा शोधनिबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि लीगने नेमलेल्या मेंदूविषयक समितीतल्या डॉक्टरांनी तो मागे घ्यावा अशी मागणी केली. ही समिती १९९४ मध्ये स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष संधिवाताचे डॉक्टर होते, आणि व्यावसायिक फुटबॉलमुळे मेंदूवर दीर्घकालीन परिणाम होत असल्याचा पुरावा नाही, असे ती वर्षानुवर्षे लिहीत राहिली.

यातली मनाला सर्वांत लागणारी गोष्ट अशी की, खेळताना डोक्यावर बसलेल्या आघातांमुळे वेब्स्टरला कायमचे अपंगत्व आले आहे, हे लीगच्याच निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्ये कागदोपत्री मान्य केले होते. एका कार्यालयात त्याला अपंगत्वाचा लाभ मंजूर होत होता आणि त्याच काळात लीगची समिती असे काही होतच नाही, असे जगाला सांगत होती. दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात, एवढे लीगच्या प्रवक्त्याने पहिल्यांदा मान्य केले ते डिसेंबर २००९ मध्ये, संसदीय समितीपुढे गुडेल यांची खडसून उलटतपासणी झाल्यानंतर. फुटबॉल आणि सीटीई यांच्यातला संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या तोंडून स्पष्ट ‘होय’ असा यायला मार्च २०१६ उजाडला. दरम्यान डेव्ह ड्यूरसन या माजी खेळाडूने आपला मेंदू संशोधनाला द्यावा असा निरोप ठेवून २०११ मध्ये आयुष्य संपवले, आणि पुढच्या वर्षी ज्युनियर सिआऊ या दुसऱ्या माजी खेळाडूनेही आपले आयुष्य संपवले. २०१७ मध्ये बोस्टनच्या डॉ. अ‍ॅन मकी यांच्या गटाने एनएफएलच्या माजी खेळाडूंच्या १११ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ११० मध्ये सीटीई आढळला. ज्या कुटुंबांना आधीच शंका होती त्यांनीच प्रामुख्याने हे मेंदू दिले होते, त्यामुळे यावरून सर्व खेळाडूंचे प्रमाण काढणे चूक ठरेल. तरीही ११० हा आकडा वाचून एखाद्या आईबापाने काय करावे, हे ठरवायला दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याची गरज पडू नये.

माजी खेळाडूंनी खटले भरले, आणि २०१३ मध्ये लीगने ७६.५ कोटी डॉलरची तडजोड देऊ केली. न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांनी ही रक्कम पुरेल का, अशी शंका घेतल्यावर वरची मर्यादा काढण्यात आली. एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण दाव्यांच्या तपासणीत एक हिशेब वापरला जात होता, ज्यात कृष्णवर्णीय खेळाडूची बौद्धिक क्षमता मुळातच कमी होती असे गृहीत धरले जाई. म्हणजे गोऱ्या आणि काळ्या अशा दोन माजी खेळाडूंनी स्मृतीच्या चाचणीत अगदी सारखेच गुण मिळवले, तर गोऱ्याची घसरण मोठी ठरे आणि त्याला भरपाई मिळे. काळ्याची घसरण लहान ठरे आणि त्याचा दावा फेटाळला जाऊ शके. ज्या लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, त्या लीगच्या भरपाईत हे चालले होते. केव्हिन हेन्री आणि नाजेह डेव्हनपोर्ट हे दोन माजी खेळाडू २०२० मध्ये कोर्टात गेले. त्याच हंगामात लीगने मैदानाच्या टोकाला ‘वंशभेद संपवा’ अशी अक्षरे मोठ्या आकारात रंगवून घेतली होती. हा हिशेब सोडण्याचे लीगने २०२१ मध्ये मान्य केले. जात पाहून माणसाची बुद्धी आणि किंमत ठरवण्याविरुद्ध ज्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या लढे झाले, तिथल्या वाचकांना या अपमानाची धार मी वेगळी समजावून सांगायला नको.

आणखी एक प्रसंग लहान आहे, पण मी तो विसरू शकलेलो नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनला धोकादायक धडक दिल्याबद्दल ७५ हजार डॉलरचा दंड झाला, आणि त्याच धडकेचे छायाचित्र लीगच्या संकेतस्थळावर विकायला ठेवलेले सापडले. चूक झाली असे सांगून ते काढून टाकण्यात आले. तो गुन्हा होता तर त्याचे चित्र दुकानात कसे आले, याचे उत्तर मात्र मला कुठे वाचायला मिळाले नाही.

लीगने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरावात हेल्मेटवर चढवण्याची मऊ टोपी बऱ्याच जागांवरच्या खेळाडूंना सक्तीची झाली, २०२४ मध्ये किकऑफची, म्हणजे लाथेने चेंडू उडवून खेळ सुरू करण्याची, पद्धत बदलून भरधाव धडका कमी केल्या गेल्या, आणि त्या हंगामात कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यांची, नोंद २०१५ पासूनच्या कोणत्याही हंगामापेक्षा कमी झाली. आमच्याच पेकोर स्टेडियममध्ये २ जानेवारी २०२३ रोजी छातीवर धडक बसून बफेलोच्या डॅमार हॅमलिनचे हृदय बंद पडले, तेव्हा वैद्यकीय पथकाची तयारी इतकी चोख होती की तो वाचला आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळला. त्या डॉक्टरांना आणि ट्रेनर्सना माझा मनापासून नमस्कार आहे. परंतु त्याच रात्री टीव्हीवर, पाच मिनिटांचा सराव करून सामना पुन्हा सुरू होईल, असे समालोचक वारंवार सांगत होते. आपण असे कधी सांगितलेच नाही, असे लीगने नंतर म्हटले. सामना थांबवला तो दोन्ही प्रशिक्षक आणि खेळाडू पुढे खेळण्याच्या मनःस्थितीत नव्हते म्हणून, असेच आम्ही सिनसिनाटीकर मानतो. हॅमलिनचा तेव्हा दुसराच हंगाम चालू होता, आणि लीगचे निवृत्तिवेतन तीन हंगाम पूर्ण केल्याशिवाय मिळत नाही, हेही आमच्यापैकी अनेकांना त्या आठवड्यात पहिल्यांदाच कळले.

या सगळ्या सुधारणा मी बारकाईने पाहिल्या, तेव्हा एक गोष्ट मला प्रत्येक वेळी दिसली. टोपी, नियम, दंड, डॉक्टर यांपैकी कशानेही सामन्यांची संख्या घटत नाही, गुरुवारचे प्रक्षेपण बुडत नाही आणि मालकाला मैदान खोदावे लागत नाही. मैदानाचा प्रश्न तर आता सर्वांच्या डोळ्यांसमोर येणार आहे. कृत्रिम टर्फवर बूट रुतून बसतो, पाऊल सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर व घोट्यावर येतो, अशी खेळाडूंची जुनी तक्रार आहे. त्यांची संघटना सर्व मैदानांवर नैसर्गिक गवत मागत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये अ‍ॅरन रॉजर्स या क्वार्टरबॅकच्या टाचेमागचा स्नायुबंध चौथ्याच चालीत तुटला, तेव्हा ही मागणी पुन्हा जोरात झाली. तो धोका टर्फमुळेच होता असे एका दुखापतीवरून म्हणता येणार नाही, आणि लीगही सरसकट फरक मान्य करत नाही. पण २०२६ च्या उन्हाळ्यात आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा, मेस्सी आणि एम्बापेच्या फुटबॉलचा, विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत होत आहे. फिफाला नैसर्गिक गवत हवे आहे, म्हणून एनएफएलची सात कृत्रिम मैदाने त्यासाठी गवताची होत आहेत. अंतिम सामना १९ जुलै रोजी मेटलाइफवरच आहे. पाहुण्यांसाठी काही आठवडे जे गवत तिथे उगवू शकते, ते वर्षानुवर्षे तिथेच राबणाऱ्या खेळाडूंना का मिळू नये, हा प्रश्न मालकांना थेट विचारला गेला पाहिजे.

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. येत्या शरद ऋतूत हायस्कूलच्या संघात जायची त्याची इच्छा आहे, आणि कायद्याप्रमाणे मेंदूच्या दुखापतीविषयीचे माहितीपत्रक वाचून आम्हा दोघांनाही त्यावर सही करावी लागेल. ते पत्रक मी दोनदा वाचले. सांगलीहून माझे वडील फोनवर रोज विचारतात, आणि मी त्यांना अजून हो किंवा नाही असे सांगितलेले नाही.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती आहे. पुढच्या हंगामात या लीगचे निकाल छापाल तेव्हा कोणता सामना किती दिवसांच्या विश्रांतीनंतर आणि कोणत्या मैदानावर झाला, हेही एका ओळीत द्यावे. प्रत्येक संघाच्या जखमी खेळाडूंची यादी लीग स्वतः दर आठवड्याला सामन्याआधी जाहीर करते. तीही, जागा असेल तेव्हा, निकालाशेजारी छापावी.

आपला,
एक वाचक
मेसन, ओहायो